पाचटाचा ढीग

वडगाव रासाईच्या हनुमंतनं आईची, अनसाबाईची रक्षा नदीत सोडली नाही. बांधावर खड्डा घेतला, त्यात रक्षा टाकली आणि वर केशर आंब्याचं रोप लावलं. ऐन वैशाख होता, म्हणून रोपाभोवती त्यानं स्वतःच्या हातानं उसाच्या वाळल्या पाल्याचं पाचट वीतभर जाड अंथरलं आणि पाणी मारून दाबून घेतलं. सावडायला आलेली भावकी उभी राहून बघत होती.

"मुळाशी गारवा राहतो," तो डोळे पुसत म्हणाला. "आईला ऊन लागाया नको."

"एवढं पाचट कुठनं आणलंस?" कुणीतरी विचारलं.

"आणायचं कशाला? दोन वर्षं झाली, गोठ्यामागं ढीग पडून हाय."

शेजारच्या साखरबाई इतका वेळ पदर तोंडाला लावून होत्या. समोरच अनसाबाईची पत्र्याची खोली उन्हात तापत होती. शेवटची दोन वर्षं ती तिथंच एकटी राहायची. साखरबाईंनी खोलीकडं पाहिलं, मग हनुमंतकडं.



"पत्रा लई तापतोय, वर चार भारे पाचट टाक, म्हणून ती दोन उन्हाळं तुझ्या मागं लागली व्हती. तवा तर संपलंय म्हणायचास."