साठ आकड्यांचा दंडक

उद्याच्या शर्यतीच्या जीपला नवा, जड क्लच बसवून धाकटी बहीण बंपर आणि भिंत यांच्यामधल्या हातभर जागेत उभी राहिली. वडिलांनी गॅरेजला घालून दिलेला दंडकच होता: इंजिन चालू ठेवून, पहिला गिअर टाकून शर्यतीत गाडी चालवणाऱ्याने साठ आकडे होईतो क्लचचे पेडल दाबून धरायचे आणि क्लच बसवणाऱ्याने गाडीसमोर उभे राहायचे.

"दादा, गुडघा साथ देईल ना? ऑपरेशनला तीनच महिने झालेत," तिने स्टिअरिंगवर बसलेल्या भावाला विचारले.

"गुडघा माझा, क्लच तुझा. तू आकडे मोज."

एक्केचाळिसाव्या आकड्याला त्याचा पाय थरथरला आणि बंपर तिच्या मांडीला टेकला. त्याने घाईने किल्ली फिरवून इंजिन बंद केले.

"क्लच नीट सुटत नाहीये," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. "पुन्हा जुळव."

"असं? मग आता तू उभा राहा."

तो भिंतीशी जाऊन उभा राहिला. तिने इंजिन चालू केले, पेडल दाबले आणि पहिला गिअर टाकला. साठ झाले, सत्तर झाले. गाडी तसूभरही हलली नाही. तिने इंजिन बंद केले, तरी तो जागचा सरकेना.

"उद्या पहिल्या चढणीला घाई करू नकोस," अखेर तो म्हणाला. "तिथले दगड सुटे आहेत."