वरची खाच

"परत कोणी हात लावला याला?" गाडीच्या मागच्या दारात डोकं घालून विपुल पुटपुटला.

मी त्याची मावशी, सुपारीचं पोतं घेऊन पाठीमागेच उभी होते. त्याच्या लेकीच्या, मनवाच्या, छोट्या सीटचे खांद्याचे पट्टे पुन्हा एक खाच वर गेले होते. मूल वाढलं, की आईबाप सरकवतात तसे.

अपघातात मनवा गेली. गाडी दुरुस्त होऊन आली. सीटवर तर ओरखडाही नव्हता. ती कोणी काढत नाही. पोती आम्ही मांडीवर घेऊन बसतो.

"विनिता, तूच करतेस ना?" तो बायकोवर ओरडला.

"चावी तुझ्या खिशात असते. मला काय विचारतोस?"

"मग मावशी, तू?"

"मला सुईत दोरा घालता येत नाही रे बाबा."

त्याने दात-ओठ खात पट्टे ओढून खालच्या खाचेत घातले, बक्कल लावलं, गाडी लॉक केली. आम्ही तिघंही ओटीवर जाऊन दुसरं पोतं घेऊन आलो. त्याने दार उघडलं.

पट्टे आणखी वर होते. बक्कल उघडं होतं.

विपुलने पोतं आपटलं. सुपाऱ्या अंगणभर उधळल्या. "समोर समुद्रावर तर जायचं होतं!"

हे वाक्य तो अपघात झाल्यापासून म्हणतोय. त्याच्या पुढचं वाक्य घरात कोणी म्हणत नाही.

विनिताने त्याची कॉलर धरून त्याला सीटपाशी वाकवलं.

"वाढतेय ती, विपुल! त्या दिवशी बांधलं नाहीस, आज तरी बांध!"