पदक घालायचा मान

बाबांना उत्कृष्ट प्रशिक्षक म्हणून पुरस्कार मिळाला आणि पदक त्यांच्या गळ्यात घालायचा मान क्लबने मला दिला. मान म्हणे! मी त्यांची मुलगी आणि पहिली शिष्या. व्यावसायिक टेनिस खेळले ती जेमतेम तीन वर्षं.

तिसऱ्या वर्षी सर्व्हिस करताना खांद्यातून अशी कळ निघायची की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा महिने रॅकेटला हात लावायचा नाही. बाबा म्हणाले, "दुखण्याचे लाड केले की खेळ संपला. इंजेक्शन घे आणि उतर कोर्टवर." बावीस वर्षांची घोडी झाले होते, पण त्यांच्यापुढे ब्र काढायची माझी टाप नव्हती. अशी सात सामन्यांना सात इंजेक्शनं झाली. आठव्या सामन्यात खांद्यात काहीतरी तुटलं. तो सामनाही त्यांनी मला पुरा खेळायला लावला.

काल स्टेजवर निवेदिका कौतुकाने वाचत होती, "सरांनी आपल्या एकाही खेळाडूला सामना अर्धवट सोडू दिला नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबा ताठ मानेने, छाती पुढे काढून माझ्यासमोर उभे राहिले. मी पदक हातात धरून तशीच थांबले.

"घाल ना लवकर, लोक बघतायत," चेहऱ्यावरचं हसू न मोडता ते पुटपुटले.

मी निवेदिकेचा माइक स्वतःकडे ओढला.



"वाका बाबा. माझा हात खांद्याच्या वर जात नाही."