भुऱ्याचं औषध

"भुऱ्या जेवून नाही राहिला बाबा," बकाराम म्हणाला. "मंदाच्या तेरवीपासून असंच सुरू हाये."

खुशालबाबा वैदूने कुत्र्याकडे एकदा पाहिले. मग बकारामलाच उजेडात ओढून त्याच्या डोळ्याची पापणी खाली केली.

"आजारी कुत्रा हाये, मी नाही."

"माहीत हाये गा. पर औषध देणारा हात कसा हाये, तेही पाहा लागते."

मग त्याने भुऱ्याचा जबडा उघडला, हिरड्या पाहिल्या, पोट चाचपले. भुऱ्याने शेपटी हलवली. त्याच्या फासळ्या अजून दिसत नव्हत्या. वैदू म्हणाला, आतून सुकून राहिला.

"गावातला चैतराम म्हणते बिबा दे."

"जीव घेतं का त्याचा? बिबा नाही, लसूण नाही, कांदा नाही. अन् माणसाचं माप कुत्र्याले कधीच नाही." त्याने पळसाच्या पानात भुईनिंबाची भुकटी बांधली. "मुका जीव हाये. बाधलं तं सांगणार नाही. म्हणून आधी तू घ्याचं, चमचाभर. भरल्या पोटी. रिकाम्या पोटी घेशील तं तुलेच मळमळंल, अन् औषध कसं हाये ते कळणार नाही. सकाळपर्यंत तुले काही नाही झालं, तं त्याले पेजेत चिमूटभर. रोज असंच."

"रोज मी घ्याचं?"

"रोज. भुकटीचा जोर रोज सारखा राहत नाही."

बकारामने पुडी धोतराच्या सोग्यात बांधली. बायको, मंदा, तापात होती तेव्हा त्याला काहीच करता आले नव्हते. बैलगाडी जुंपून गोंदियाला न्यायची तयारी झाली आणि ती गेलीच. भुऱ्याला तिनेच चोरखमारा तलावाच्या पाळीवरून पदरात आणले होते. शेवटी ती एवढेच बोलली होती, "भुऱ्याले उपाशी ठेवू नोका."

घरी येऊन त्याने चूल पेटवली. तेरवीनंतर पहिल्यांदाच. भात शिजला. एकेक घास मातीसारखा लागला, पण वैदूने भरल्या पोटी सांगितले होते म्हणून त्याने थाळी संपवली. मग कडू भुकटी गिळली. सकाळपर्यंत काही झाले नाही. त्याने पेजेत चिमूट घातली आणि भुऱ्यापुढे ठेवली.

भुऱ्याने हुंगले, एकदा जीभ लावली आणि पंज्यांवर डोके ठेवून डोळे मिटले.

"खा रे बापा," बकाराम म्हणाला. "काऊन नाही खात? तूही चालला का?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. वैदू पाळीवर भेटला की विचारी, "भुऱ्या जेवला का?"

"नाही."

"मंग आज पुन्हा घे. पोटभर जेवून."

कुंपणापलीकडून रुख्मा हाक मारी. ती मंदाची जिवाभावाची मैत्रीण. "भाऊजी, तुमच्या चुलीतून धूर निघते आता! कुत्र्याचे भारीच लाड चालले."

"लाड कायचे वो? मरून राहिला तो."

रुख्मा पदर तोंडाला लावून आत गेली.

त्या आठवड्यात बकाराम धानाच्या बांधीवर गेला, पारीवर, म्हणजे बांधावर, माती टाकली. तेरवीनंतर लागत होते तसे वाटेत कुठे दम खात बसावे लागले नाही. ते त्याच्या ध्यानातही आले नाही. त्याच्या डोक्यात फक्त भुऱ्या होता.

एका दुपारी तो परत आला तेव्हा भुऱ्या अंगणात नव्हता. पेज तशीच पडलेली, वर माश्या. मरायला आलेला कुत्रा घर सोडून जातो, हे त्याने लहानपणापासून ऐकले होते. तो नहराच्या कडेने हाका मारत गेला. तलावाची पाळ पाहिली, बाभळीची झुडपे पाहिली. कुठेच नाही. मग तो पाळीवरच खाली बसला आणि मंदाला म्हणाला, "एवढंही नाही जमलं मले."

परतताना तो रुख्माच्या परसाकडून आला. बांबूच्या कुंपणाच्या फटीतून त्याला शेपटी दिसली. भुऱ्या वरणभाताच्या थाळीत तोंड घालून मचमच खात होता. शेजारी खुशालबाबा उकिडवा बसला होता. हाक मारायला बकारामने तोंड उघडले, तेवढ्यात वैदूने रुख्माला विचारले,

"बकाराम जेवला का आज?"

"जेवले, थाळीभर," रुख्मा म्हणाली. "मंदा सांगून गेली तसंच झालं. सोतासाठी नाही जेवणार म्हणे, भुऱ्यासाठी जेवतीन."