काठीला हात

देवागीची काठी एवढी वाकली, की टोक लाटेला शिवलं.

"ओढू नकोस! जाऊ दे त्याला!" शेजारून कनबती ओरडला. "आत्ता रीळ आवळलंस तर दोरी तुटेल."

"ठाऊक आहे हो," देवागी म्हणाली. आवाज शांत होता.

रिळावरून दोरी सरसर सुटत होती. इसिपिंगोच्या किनाऱ्यावर सकाळपासून गळ टाकून उभी असलेली मंडळी आपापल्या काठ्या वाळूत रोवून धावत आली. मासेमारी क्लबाची शेवटची स्पर्धा होती. नामिबियाला जाणाऱ्या संघात एकच जागा उरली होती, आणि ती आजच्या सगळ्यात जड माशाला मिळायची होती. आतापर्यंत तो मासा कनबतीच्या पेटीत होता. आणि कनबती देवागीचा नवरा होता.

गळ बांधायला तिला त्यानंच शिकवलं होतं. आजही स्वतःची काठी सोडून तो तिच्यामागे लागला होता. "तारली मऊ असते. नुसती टोचलीस तर फेकतानाच उडून जाईल. वरून माकुळाची पट्टी गुंडाळ, रबरी दोऱ्यानं आवळ. आणि गळाचं टोक उघडं ठेव, नाहीतर मासा जेवून जातो अन् आपण बघत बसतो."

तिनं सगळं ऐकलं, एक सोडून. सगळ्यांनी दूर, वाळूच्या बांधापलीकडे गळ फेकले. तिनं मात्र बांधाच्या अलीकडे, जिथे खोल पाण्याचा काळा पट्टा दिसत होता, तिथेच तो अलगद सोडला.

"तिथे काय, पाय धुणार आहेस?" कनबती हसला होता.

आता त्याच काळ्या पाण्यातून मासा पळत होता. देवागी कमरेइतक्या पाण्यापर्यंत आत ओढली गेली, मागे आली, पुन्हा ओढली गेली. तिचे हात भरून आले.

"अक्का, द्या इकडे जरा!" सुबरी पुढे झाला. सुबरी कनबतीचा जुना सोबती, तोंडाचा फटकळ.

पंच म्बाथानं शिट्टी फुंकली. "खबरदार! काठी, रीळ, दोरी, कशालाही तिच्याशिवाय कुणाचा हात लागला, तर मासा बाद! मासा काठाला आला की धरायला जा. त्याआधी नाही."

सुबरीनं हात खिशात घातले.

मग लाट उभी राहिली आणि उन्हात तिच्या पोटातला मासा सगळ्यांना दिसला. डागा जातीचा! तांब्याच्या घंगाळासारखी पाठ, आणि लांबी देवागीच्या खांद्याला लागेल एवढी. किनारा एका आवाजात ओरडला.

"गेली हो अण्णा, तुमची जागा गेली!" सुबरी म्हणाला.

कनबतीनं टोपी काढून वाळूवर टाकली. "मागे फिरणाऱ्या पाण्यात दोरी तुटेल. मी धरतो मासा." आणि तो पाण्यात शिरला.

"धरायला चाललाय की सोडवायला?" सुबरी पुटपुटला. दोघंतिघं हसले.

ते हसू पुरतं विरलंही नव्हतं, तोच कनबतीच्या पायाखालची वाळू सरकली. तो त्या काळ्या पट्ट्यात उतरला होता. वरून लाट कोसळली. तो वर आला तेव्हा देवागीपासून दोन हातांवर होता, तोंड उघडं, पाय अधांतरी. परतणारं पाणी त्याला आत खेचत होतं.

"अहो!" देवागीनं काठीचा बुडखा त्याच्याकडे वळवला. "धरा!"

त्याचा हात वर आला. बुडख्यापर्यंत पोचला. आणि चटका बसावा तसा मागे गेला.

"धर! अरे धर ना!" लग्न झाल्यापासून तिनं त्याला कधी अरे म्हटलं नव्हतं.

तो काहीतरी म्हणाला. तोंडात पाणी गेलं. त्यानं दोन्ही हात डोक्यावर उंच धरले आणि तसाच खाली गेला.

"बायकोचा आधार नको म्हणे!" सुबरी धावत धावत ओरडला. "मरेल, पण ताठा सोडणार नाही!"

देवागीला ते ऐकू आलं. मुरुगा, असं देवाला हाकारून तिनं काठी काखेत दाबली, स्वतःला पाण्यात झोकून दिलं आणि हाताला लागली ती त्याची कॉलर धरली. दुसरी लाट त्यांच्यावरून गेली. क्षणभर कुणीच दिसेना. मग त्याच लाटेनं बाई, नवरा आणि मासा, तिघांना एकदम वाळूवर आणून टाकलं. पाचसहा जण माशावर पालथे पडले.

कनबती गुडघ्यांवर ओणवा होऊन पाणी ओकत होता. देवागी त्याच्या शेजारी बसली. काठी अजून तिच्या काखेतच होती.

"एवढा कमीपणा वाटला तुम्हाला?" ती हळूच म्हणाली. "जीव जात होता, तरी?"

त्याला पुन्हा उबळ आली.

मासा वजनकाट्यावर चढला. काटा कनबतीच्या माशाचा आकडा ओलांडून पुढे गेला, तसा लोकांनी पुन्हा गलका केला. कुणी नाचायला लागलं, कुणी देवागीच्या नावानं शिट्ट्या मारल्या. म्बाथानं हात वर केला.

"थांबा. लाटेत दोघंही दिसेनासे झाले होते. मला विचारावंच लागेल." तो कनबतीपुढे उकिडवा बसला. "खरं सांग. काठीला हात लावलास?"

गलका थांबला. नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर नामिबियाची जागा कनबतीची होती. देवागी वाळूकडे बघत राहिली.

कनबतीनं तोंडावरची वाळू पुसली.

"नाही," तो म्हणाला. "त्यासाठीच तर बुडत होतो."