घारीची बडदास्त

दुर्बिणीतून डोळे न काढता सासरे खेकसले, "बाल्कनीत पाऊल टाकू नकोस! समोरच्या झाडावर घार अंड्यांवर बसलीय. कपडे गच्चीत वाळत घाल."

"बाबा, मला आठवा महिना लागलाय," ओल्या कपड्यांची बादली सावरत सून म्हणाली. "चार मजले चढू?"

"सावकाश चढ," म्हणत त्यांनी मुलाला हाक मारली. "ये, बघ! नर तिला जागचं हलू देत नाही. खाणं जागेवर आणून देतो."

"भारीच!" सोफ्यावर पसरलेला नवरा म्हणाला. "अगं, वर जायच्या आधी चहा टाक ना."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं बादली त्याच्यापुढे आदळली, सासऱ्यांची दुर्बीण त्याच्या हातात कोंबली आणि ती आरामखुर्चीत बसली.

"नर काय करतो ते नीट बघ आणि बादली उचल. आता मीही बसलेय."