भूल उतरताना

"हिच्या मेंदूला आधीच ऊर्जा कमी पडते. नेहमीचं भुलीचं औषध आहे तीही अडवेल," भूलतज्ज्ञ शलाका नाडगौडा म्हणाली.

आठ वर्षांच्या मिथिलाचं अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. तिच्या पेशींना जन्मापासून ऊर्जा नीट बनवता येत नव्हती, म्हणून दुसऱ्या रुग्णालयाने भूल द्यायलाच नकार दिला होता.

"मग करायचं काय?" सर्जन बर्वेसरांनी विचारलं.

"मी वेगळं औषध देते, अगदी बेताने. सलाईनमधून साखर चालू ठेवते. तुम्ही फक्त हात चटचट चालवा, सर."

ऑपरेशन नीट पार पडलं, पण औषध बंद करूनही मिथिला जागी होईना. शलाकाने तिची नाडी पुन्हा तपासली. आपला अंदाज चुकला तर नाही ना? पोरीच्या गालावर हात ठेवून ती हाका मारत राहिली.

बऱ्याच वेळाने पापण्या हलल्या. मिथिलाने तिच्याकडे रोखून पाहिलं आणि ती बसक्या आवाजात म्हणाली, "आई कुठंय? मला भूक लागलीय."

बर्वेसर खुदकन हसले. शलाका जवळजवळ धावतच बाहेर गेली. बाकावरून धडपडत उठलेल्या आईला तिने एवढंच सांगितलं, "चला, लेक जेवायला मागतेय."